ज्याची हळद, त्याचं नाव

पेठ नाक्यापासून थेट विंचूरपर्यंत ज्या मांडवात हळद लागते त्या मांडवात तृप्ती भोयेचं गाणं वाजतं, आणि रेडिओच्या वर्षाच्या पंचवीस गाण्यांत मात्र त्याचा पत्ता नाही. यादी सकाळी आली. तृप्तीनं ती मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहून वाचली, आधी वरून खाली, मग खालून वर, आणि खोकल्याचं औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात खरजेचं मलम ठेवलं. पंचविसाव्या नंबरावर कुठलंसं ट्रॅक्टरचं गाणं होतं. ते तिनं तर सोडाच, तिच्या ओळखीत कुणीच ऐकलेलं नव्हतं.

आता ही यादी कशी लावतात, तर ॲपवर कुठलं गाणं किती वेळा ऐकलं गेलं त्यावरून. माणसाच्या तोंडचं गाणं त्यात धरत नाहीत. यादीचं काम बघणाऱ्या रोहितला तृप्तीनं दुपारच्या सुट्टीत फोन लावला. तो बिचारा सरळ माणूस, त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "ताई, तुमचं गाणं शंभराच्याही खाली आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण ऐकतच नाही हो कुणी."

"अहो, काल आमच्या गल्लीत वाजत होतं."

"वाजत असेल. आमच्याकडं नाही वाजत."

नुसत्या मानाचा प्रश्न असता तर तृप्ती दोन दिवस धुसफुसली असती आणि गप्प बसली असती. पण नवनाथनं तिला शब्द दिला होता. नवनाथचा स्टुडिओ पेठ रोडला एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे, गिरणी बंद असेल त्या वारीच तिथं रेकॉर्डिंग होतं. हळदीचं गाणं त्यानंच केलं होतं, आणि तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "हे यादीत आलं तर तुझं दुसरं गाणं करू. नाही आलं तर माझ्याकडं परत विषय काढायचा नाही."

दुसरं गाणं तिच्या आईवर होतं. भागीबाई दरसाल पेठकडचं घर सोडून दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जाते, थंडी संपेस्तोवर तिकडंच राहते. शाळेत होती तेव्हापासून तृप्तीच्या मनात त्या गाण्याची एक ओळ पक्की बसलेली होती: 'भागी गेली बागेला, चूल आली भागाला.' हळदीचं गाणं तिनं गंमत म्हणून केलं होतं. हे मात्र तिला जगाला ऐकवायचंच होतं. कधी एकदा ते होतंय असं झालं होतं तिला.

हळदीचं गाणं जन्मलं ते तिच्या चुलतभावाच्या, दत्तूच्या, हळदीला. बायका त्याच त्या गाण्यांना कंटाळल्या होत्या, तृप्तीनं पाटाशेजारी बसल्या बसल्या जोडलं:

हळदीच्या पाटावर दत्तू बसला गं,
आरशात बघून सोताशी हसला गं.

दत्तू खरोखरच हसला होता, त्यामुळं मांडव दणाणून गेला. पुढं नवनाथनं त्याला ढोल लावला, संबळ लावला, 'दत्तूची हळद' असं नाव देऊन गाणं ॲपवर चढवलं, आणि वर्षभरात ते चहूकडं झालं. यादी आल्यावर नवनाथ म्हणाला, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. गाव नाचतंय आणि आकडा पुढं सरकत नाही. हे गौडबंगाल काय आहे, मला कळत नाही."

तृप्तीलाही कळत नव्हतं. ते कळलं ओझरला.

मेडिकलमध्ये तिच्या बरोबर काम करणाऱ्या पिंकीच्या भावाचं, राजूचं, लग्न होतं. राजू विमानाच्या कारखान्यात कामाला. हळदीला निम्मं खातं आलेलं. संध्याकाळी पाट मांडला, राजू बनियनवर येऊन बसला, आणि डीजेवाल्यानं तृप्तीचंच संगीत लावलं. ढोल तिचा, संबळ तिचा. नाव आलं तिथं मात्र आवाज एकदम गायब, आणि त्या रिकाम्या जागेत डीजेवाला माइकवरून ओरडला, "राजू!" मागून शंभर बायका, "बसला गं!"

तृप्तीला हसूही आलं आणि कुठंतरी टोचलंही. शेजारी पिंकीची आत्या मंगलाबाई हळदीचं ताट घेऊन बसली होती. तृप्तीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, गाणं कुणाचं हो हे?"

"आमचंच. राजूचं."

"तसं नाही. मूळ कुणाचं?"

"मूळ काय त्याचं, जुनं हाय. माझ्या सासूच्या लग्नात पण हेच असंल."

"आत्या, हे मी म्हटलंय."

मंगलाबाईनं तिच्याकडं मोठ्या मायेनं बघितलं. "म्हण की मग. सगळ्याच म्हणत्यात."

हे पिंकीनं ऐकलं. पिंकीला मैत्रिणीचा भारी अभिमान, तिनं डीजेवाल्याच्या हातातला माइक ओढून घेतला आणि जाहीर केलं, "थांबा सगळ्यांनी. ओरिजनल गाणारी आली आहे आपल्याकडं." माइक तृप्तीच्या हातात आला. बायका सरसावून बसल्या. राजूनंही मान वर केली.

तृप्ती जीव ओतून गायली. यादी आल्यापासून सोसलेलं सगळं त्या आवाजात होतं. 'आमचंच' म्हणणाऱ्या आत्याला आणि 'ऐकतच नाही कुणी' म्हणणाऱ्या रोहितला एकदाच दाखवून द्यायचं होतं. जिभेला वळण पडलेलं म्हणा, नाहीतर थोडं मुद्दाम म्हणा, तिच्या तोंडून मूळ गाणं जसंच्या तसं आलं: "हळदीच्या पाटावर दत्तू बसला गं."

मांडव गपकन गार झाला.

मंगलाबाईचा हात राजूच्या गालाजवळच थबकला. "दत्तू कोण?" तिनं विचारलं. "पोरी, हळद आमच्या राजूला लागतीया. दुसऱ्याचं नाव कसं घेतलंस तू पाटावर?"

"आत्या, गाण्यातच तसं आहे. रेकॉर्डमध्ये दत्तूच आहे."

"रेकॉर्ड गेलं चुलीत. दुसऱ्या नवऱ्याच्या नावाची हळद आमच्या पोराच्या अंगाला लावू का मी?" तिनं चिमटीतली हळद जमिनीवर टाकली, हात धुतला, ताटातली नवी हळद घेतली. मग डीजेवाल्याला म्हणाली, "लाव रं पुन्हा. नाव नीट घे."

गाणं पुन्हा लागलं. राजू बसला, राजू हसला, बायका नाचायला लागल्या, अपशकुन तेवढ्यापुरता निघून गेला. पिंकी घाबरून सॉरी सॉरी करत होती. तृप्ती मात्र खुर्चीवर जाऊन बसली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिचं गाणं फक्त हळदीत चालतं, आणि हळदीतच ते मूळचं लावता येत नाही. लावलं तर दुसऱ्या नवरदेवाचं नाव येतं. म्हणजे ज्याला ज्याला गाणं हवं, त्याला त्याला ते मोडूनच घ्यावं लागतं. रेकॉर्डिंगच्या वेळी नावाची जागा मोकळी सोडावी हे ना तिला सुचलं ना नवनाथला. दोघं जन्मभर हळदी बघत आलेले, आणि नेमकं तेच विसरले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिनं हे सांगितलं तेव्हा नवनाथनं कपाळाला हात लावला. मग त्यानं मोबाइलवर शोधायला सुरुवात केली. 'चंदरची हळद.' होती. 'बहिरूची हळद.' होती. 'पुंजाराम बसला गं' असंही होतं, त्यात चालीत नाव मावेना म्हणून सगळ्या बायका 'पुंजा' म्हणत होत्या आणि 'राम' मनात ठेवत होत्या. ज्याच्या त्याच्या घरचा व्हिडिओ, ज्याच्या त्याच्या नावानं. संपतच नव्हते. नवनाथनं रोहितला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

रोहितला हे ऐकून आनंदच झाला. "मग सोपं आहे," तो म्हणाला. "तुमचं संगीत त्यात आहे ना? गाण्यावर हक्क सांगून दावा लावा. ॲपचं मशीन असले सगळे व्हिडिओ शोधून काढेल. काही तुमच्या खात्याला जोडले जातील, बाकीच्यांचा आवाज बंद होईल. आवाज बंद झाला की लोक झक मारत मूळ गाण्याकडं येतात. पुढच्या यादीत पहिल्या पाचात धरा."

"बाकीचे म्हणजे किती?" तृप्तीनं विचारलं.

"बरेचसे. घरगुती व्हिडिओ असतात, ते जोडले जात नाहीत सहसा."

"राजूचा पण बंद होईल?"

"कोण राजू?"

नवनाथनं फोन ठेवला. "लाव दावा," तो म्हणाला. "गाणं तुझं, चाल तुझी, संगीत माझं. यात चूक काय? आणि हळद लागून गेल्यावर तो व्हिडिओ बघतंय कोण?"

"त्यांच्या आया बघतात, दादा. पिंकीची आई कालपासून दहा वेळा बघून रडली."

"मग तुझ्या आईच्या गाण्याचं काय करायचं?"

तृप्तीला नवनाथचं पटत होतं, हीच तर अडचण होती. तिला मंगलाबाईचा राग होता, फुकट नाचणाऱ्या सगळ्यांचा राग होता, आणि दावा लावला तर आईचं गाणं होणार होतं, हे स्पष्ट होतं. पण डोळ्यांसमोर दुसरंच येत होतं: राजू पाटावर हसतोय, बायका तोंडं हलवतायत, आणि आवाज नाही.

"नको," ती म्हणाली. "लोकांच्या हळदी मुक्या करून मला आईचं गाणं नको."

"मग माझ्याकडून होणार नाही. मी बोललो होतो."

"हो, बोलला होतात."

ती जिना उतरली तेव्हा खाली गिरणी सुरू झाली होती. ती रडली, तोंड पुसलं आणि कामावर गेली. कुणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी ती दिंडोरीकडं आईला भेटायला गेली. बागेत काढणी जोरात होती. दुपारी बायका वेलींखाली सावलीला भाकरी खायला बसल्या, आणि भागीबाईनं सगळ्यांना सांगितलं, "माझी तृप्ती. ती हळदीचं गाणं म्हणती ना, ती हीच."

"मग आम्हाला म्हण काहीतरी," एकीनं फर्माईश केली.

तृप्तीनं हळदीचं म्हटलं नाही. जे आता कुठंच रेकॉर्ड होणार नव्हतं ते म्हटलं. 'भागी गेली बागेला, चूल आली भागाला.' भागीबाईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आईचं नाव घेतीस, लाज नाय," एवढंच ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बसली. तृप्तीला वाटलं, बस, झालं. जिला ऐकवायचं होतं तिनं ऐकलं.

पण बायका कुठं थांबतात? गाणं संपताच समोरची वत्सलाबाई तीच ओळ म्हणायला लागली, भागीच्या जागी स्वतःच्या आईचं नाव घालून. तिच्या शेजारणीनं तिच्या आईचं घातलं. आईच्या नावाचं एवढं एक गाणं, तेही डोळ्यांदेखत हातातनं चाललं होतं. तृप्ती बोलणार होती, "अहो, हे माझ्या आईचं आहे." तेवढ्यात भागीबाईनं तोंडावरचा पदर काढला आणि बारीक आवाजात म्हटलं:

सुली गेली खडीला, चूल आली भागाला.

यमक गेलं, चाल लंगडली, तिला त्याचं काही नव्हतं. सुली म्हणजे सुलाबाई, भागीबाईची आई, तृप्तीची आजी; तृप्तीनं तिला फोटोतही पाहिलेलं नव्हतं.

"आई, आजी खडी फोडायला जायची?"

"जायची की. सडकेच्या कामावर. दिवाळीला पण येत नव्हती," भागीबाई म्हणाली. "मी तुझ्यापेक्षा लहान होते तेव्हा. भाकरी करपायच्या माझ्या."

"कधी बोलली नाहीस ते."

"तू मोठी व्हायच्या नादात, मी कामाच्या. कुठं बोलणार?"

तृप्ती सरकून आईच्या अगदी जवळ बसली. "परत म्हण," ती म्हणाली.

भागीबाईनं परत म्हटलं, आणि या खेपेला तृप्तीनंही तिच्या आवाजात आवाज मिसळून आजीचंच नाव घेतलं.