न उडालेली हेलिकॉप्टरं

व्हर्ना किट्टलसन दर मंगळवारी अध्यक्षांच्या ग्रंथालयात यायची. नावालाच ग्रंथालय, पुस्तकं बघायला तिथे काळं कुत्रंही फिरकत नसे. गावचा मुलगा देशाचा अध्यक्ष झाला म्हणून त्याची गाडी, बायकोचे झगे आणि परदेशी पाहुण्यांनी दिलेल्या तलवारी या अल्मेडा गावात आणून काचेत ठेवल्या होत्या. लोक ते बघायचे आणि खाली भेटवस्तूंच्या दुकानात कप विकत घ्यायचे.

व्हर्नाचं काम तळघरात. तिथे अध्यक्षांची संकटकाळातली खोली हुबेहूब उभी केली होती. लांब टेबल, कातडी खुर्च्या, चार देशांची घड्याळं. शाळेचा वर्ग आला की पोरं टोपीतून चिठ्ठ्या उचलायची. एक जण अध्यक्ष, बाकीचे सेनापती, मंत्री, बातमीदार. मग व्हर्ना त्यांच्यापुढे ते जुनं संकट मांडायची : दूरच्या बेटावर आपले इंजिनियर ओलीस धरलेत, त्यांना सोडवायला रात्री हेलिकॉप्टरं पाठवायची की नाही? सल्ला सगळ्यांनी द्यायचा, निर्णय मात्र एकट्या अध्यक्षाचा. पाठवायची तर हिरवं बटण, नाही तर लाल.

आजवर प्रत्येक वर्गाने हिरवंच दाबलं होतं. दहा वर्षांच्या पोराला हेलिकॉप्टर दाखवल्यावर ते जमिनीवर कसं ठेववेल? हिरवं दाबलं की पडद्यावर हेलिकॉप्टरं उडायची, पोरं टाळ्या पिटायची, आणि मग फिल्ममधला भारदस्त आवाज सांगायचा, की एक हेलिकॉप्टर धुक्यात डोंगरावर आदळलं, नऊ जवान गेले, आणि इंजिनियर पुढे वाटाघाटींनी सुखरूप सुटले. पोरं टाळ्या थांबवायची. मग डबे उघडायची.

त्या नवांतला एक व्हर्नाचा होता. क्लेटन ब्रँडव्होल्ड. पहिल्या नवऱ्याचं आडनाव, त्यामुळे इथे कुणाला पत्ता नव्हता. कार्यक्रमांची प्रमुख मार्सी डोलन म्हणायची, "व्हर्नाला पोरांची भारी हौस!" हौस कसली डोंबलाची! तिला त्या खुर्चीतून एकदा, फक्त एकदा, 'नाही' ऐकायचं होतं. ऐकून काय होणार होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण त्यासाठी ती हिमवादळातसुद्धा गाडी काढून यायची.

त्या मंगळवारी मांसाच्या कारखान्याच्या गावातला पाचवीचा वर्ग आला. अध्यक्षाची चिठ्ठी शिओमारा नावाच्या किडकिडीत मुलीला निघाली. खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकेनात.

"पाठव गं, पाठव!" सेनापती ओरडला. "आपल्याकडे भारीतली हेलिकॉप्टरं आहेत."

"अरे थांब की. मला वाचू दे," शिओमारा म्हणाली. टेबलावरची हवामानाची चिठ्ठी कधी कुणी उचलत नसे. तिने ती ओठ हलवत वाचली. "इथे दाट धुकं म्हटलंय. मिस व्हर्ना, ओलिसांना सोडवायची बोलणी अजून चालू आहेत ना?"

"चालू आहेत," व्हर्ना म्हणाली.

"माझे बाबा धुक्यात ट्रकसुद्धा बाहेर काढत नाहीत. म्हणतात, माल उद्या पोचला तरी चालेल, मी पोचलो पाहिजे."

"भित्री! भित्री भागूबाई!" मंत्रिमंडळाने एकच गिल्ला केला.

"असू दे भित्री. अध्यक्ष मी आहे. नाही पाठवायची." आणि तिने लाल बटण दाबलं.

व्हर्नाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. पडद्यावर काहीच आलं नाही. लाल बटण कधी कुणी दाबलंच नव्हतं, म्हणून त्याची फिल्म करायची राहूनच गेली होती.

"मग काय झालं?" पोरांनी विचारलं.

अशा वेळी खरं काय घडलं ते सांगून पुढच्या दालनात न्यायचं, असं व्हर्नाला शिकवलेलं होतं. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं. "हेलिकॉप्टरं जहाजावरच राहिली. सैन्यातली पोरं तयार होऊन बसलेली, वैतागली. मग खाली जाऊन जेवली. त्यांच्यात क्लेटन नावाचा एक होता, त्याने दोनदा केक मागून घेतला. सफरचंदाचा."

पोरं हसली. तिला थांबवेना.

"पुढे इंजिनियर बोलणी होऊन सुटले आणि क्लेटन घरी आला. आला तो चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात. आईने झाडूच उगारला. आता ट्रॅक्टर दुरुस्त करतो. टक्कल पडलंय. नातवंडं आहेत त्याला, आणि रविवारी आईकडे येऊन नुसता झोपतो, मेला."

"बघा!" शिओमारा मंत्र्यांकडे वळून म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. व्हर्नालाही त्या घटकेपुरता लेक घरी आल्यासारखं झालं. इतकी सुखी ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

मार्सी दारातून आत आली आणि तिने पोरांना पुढच्या दालनात नेलं. व्हर्ना मागे राहिली, डोळे पुसत. मग तिला एकदम आठवलं, की पुढच्या दालनात भिंतीवर नऊ फोटो आहेत. ती धावली. या वयात जमेल तेवढी.

शिओमारा चौथ्या फोटोपाशी उभी राहून खालचं नाव वाचत होती.

"मिस व्हर्ना, यांनी चुकून क्लेटनला इथे लावलंय. हा तर घरी आला ना? मी थांबवलं होतं ना?"

मार्सीने फोटोकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला.

व्हर्ना गुडघ्यांवर बसली. "चूक नाही गं. तो नाही आला. माझा मुलगा होता तो. मी तुला खोटं सांगितलं, बाळ. तू अगदी बरोबर केलंस. पण त्या रात्री त्या खुर्चीत तू नव्हतीस."

पोरगी फोटोकडे वळली, मग व्हर्नाकडे.

"सॉरी," ती म्हणाली. "मला माफ करा. तुमच्या मुलाला मी वाचवू शकले नाही."

खऱ्या अध्यक्षांनी व्हर्नाला मुलाच्या शवपेटीवरचा घडी घातलेला झेंडा दिला होता, देश ऋणी आहे म्हणाले होते, तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. माफीचा हा एक शब्द तेवढा त्यांच्या तोंडून आला नाही. त्याची वाट बघत ती म्हातारी झाली, आणि तो उच्चारला तर या लेकराने, जिने हेलिकॉप्टर उडूच दिलं नव्हतं. व्हर्नाने तिला छातीशी धरलं आणि सगळ्या वर्गासमोर ओक्साबोक्शी रडली.