खुर्च्या उचला, मला अंथरा

मी घोंगडी बोलतेय, मुळशीतल्या रिहे गावच्या तुकाबाईंची. लेक वैभवी अर्थशास्त्र शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा तुकाबाईंनी खंडोबापुढे नवस बोलला होता, "देवा, हिच्या शिक्शनाचा वाडीला उपेग होऊ दे. त्या दिशी समद्यांना पुरणपोळी घालीन."

आणि मला तिच्या वळकटीत बांधलं.

माझी लोकर घरच्याच काळ्या मेंढ्यांची. चिंचोक्याची खळ खाऊन मी अशी ताठ झाले, की वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, "अगं, ही टोचते!" टोचणारच! मी काय दुलई आहे?

वैभवी शिकत गेली, विद्यापीठात प्राध्यापक झाली. मी तिच्या खुर्चीच्या पाठीवर. गरिबीवर ती इतकं सुंदर शिकवी! पण तास संपला की मला चाचपत म्हणे, "यानं वाडीतल्या कुणाचं काय भलं झालं?" शेवटी नोकरी सोडून ती एका धर्मादाय संस्थेत गेली. तिथं देणं हेच काम. पहिलं काम तिनं आपल्याच वाडीचं धरलं: पहिल्या यादीतल्या प्रत्येक बाईला एक मेंढी.

देवळापुढे खुर्च्या मांडल्या. "घेणार ना?" वैभवीनं विचारलं. "व्हय, व्हय," सगळ्या म्हणाल्या.

मेंढ्यांचा टेम्पो आला, तर न्यायला एकही बाई नाही! संस्थेचे साहेब म्हणाले, "मॅडम, आपण दुसरं गाव बघू." वैभवीचा चेहरा एवढासा झाला.

तुकाबाईंनी मला वैभवीच्या गाडीतून ओढलं. "प्रोफेसरीनबाई, खुर्चीवर कुनी मनातलं बोलतं व्हय?" मला अंथरलं, वर भंडारा टाकला. भंडाऱ्याच्या घोंगडीवर खोटं बोलायचं नाही, ही आमची रीत. बायांना हाका मारून बसवलं.

शेजारच्या रत्नाबाई म्हणाल्या, "पोरी, तुजं मन मोडाया नगं म्हून व्हय म्हनलो. पर फुकाटची मेंढी दारात बांधली, तर सोयरं काय म्हनत्याल?"

वैभवी माझ्यावर मांडी घालून बसली. "मग फुकट नको, मावशी. पहिलं मादी कोकरू मेंढी न मिळालेल्या पुढच्या घरी द्यायचं. देणारी मी नाही, तुम्हीच."

"आता कशी आमची लेक बोलली! पुन्याची बाई मगाधरनं डोकं खात हुती!" रत्नाबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. टेम्पो रिकामा झाला, आणि तुकाबाईंनी पुरण शिजत घातलं.

आता मी वाडीतच असते. कोकरू एका घरून दुसऱ्या घरी निघालं, की आधी मला बोलावणं येतं. काठ विरलेत, एक कोपरा तर कोकरानंच चघळलाय. तक्रार नाही.

बायांनो, लेक शिकायला निघाली की तुम्हीही असा नवस बोला. नुसती मोठी होऊ दे म्हणू नका. तिचं शिकणं शेजारच्या दारी पोचू दे, एवढं मागा. देव ऐकतो हो.