साठ अंशांची पाकळी

पूजाने डाव्या हातातली एक बांगडी ओढून काढली, कागदावर ठेवली आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. कंपास घरी राहिला होता, आणायला परत कोण जाणार? वर्तुळ मात्र असं सुबक उतरलं की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

शेजारच्या रंगुबाईंनी जीभ चावली.

"आगं बया! फौजीची बायकू तू, आन् बांगडी उतरवतीस व्हय?"

"एकच काढली की. बाकीच्या हायत हातात."

"घाल आदी. मग बोल."

पूजाने हसत बांगडी चढवली. कडेगावात फिरदोसच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं आणि त्याच्यामागे ही खोली. संध्याकाळी चार बायका इथे फिरदोस मॅडमकडे दहावीच्या तयारीला जमत. पुढे शिलाई मशीन चालत राही आणि त्या एकसुरी घरघरीत पूजाला कधीकधी वाटे, आपण शाळा सोडलीच नव्हती. नववीच्या वर्गात जरा डोळा लागला, मधे लग्न-सासर-ऊस असं लांबलचक स्वप्न पडलं, आणि आता कोणीतरी हलवून उठवतंय. जागेपणी कोणी शिक्षण विचारलं, की "नववी" म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली जाई. तो तिला आता वर आणायचा होता, बस.

विषय चालला होता वृत्तालेखाचा. पहिल्या दिवशी हा शब्द ऐकून रंगुबाईंना पेपरातली बातमी लिहायची असं वाटलं होतं, आणि त्यांनी गावातल्या तमाशाची बातमी बऱ्यापैकी लिहिलीही होती. फिरदोसने समजावलं, वृत्त म्हणजे वर्तुळ. कशाचा किती वाटा, ते गोलात पाकळ्या पाडून दाखवायचं.

फिरदोसने पूजाचा कागद उचलला.

"गोल झकास आलाय, पूजाताई. पण मधला ठिपका कुठाय?"

पूजाने वाकून पाहिलं. बांगडीच्या मधे काय असणार? मोकळी जागा.

"ठिपकाच नाही, तर पाकळ्या कुठून काढणार?" फिरदोसने गोल कात्रीने कापला, एकदा दुमडला, पुन्हा वेगळ्या बाजूने दुमडला आणि उलगडून पुढे ठेवला. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे तिने पेन्सिल टेकवली. "हा बघा. तो होताच, फक्त दिसत नव्हता."

गेल्या वर्षातले आपले महिने कशाकशात गेले, ते काढायचं होतं. बारा महिन्यांना तीनशे साठ अंश, म्हणजे महिन्याला तीस. पूजाने कोनमापक ठेवून एकेक रेघ ओढली. ऊस पाच महिने, दीडशे अंश. अभ्यास तीन महिने, नव्वद. सासूबाईंच्या गुडघ्यांच्या दवाखान्याला तीस, लग्नकार्यांना तीस. उरलेल्या साठ अंशांत तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'हे'.

"हे म्हणजे काय?" फिरदोसने विचारलं.

पूजा लाजली. रंगुबाईंनी पदर तोंडाला लावला. "हे म्हंजी तिचं हे! दोन महिनं सुट्टीला येत्यात की इंद्रजितराव."

चौघी खळखळून हसल्या. फिरदोसही हसली, पण म्हणाली, "परीक्षेत असं चालणार नाही. नाव लिहावं लागेल."

"तवाचं तवा बघू," पूजा म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "मॅडम, ही पाकळी बारा महिन्यांची करायची आसंल तर?"

"मग बाकीच्यांना सरकावं लागेल. वर्तुळ काही वाढत नाही."

पूजाने तो गोल वहीत ठेवला. इंद्रजित फौजेतून निवृत्त होऊन महिनाअखेरीला कायमचा घरी येणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उसाच्या बांधावर तिला डुलकी लागली. उसाला तुरे आले होते, वाऱ्याने ते एकाच बाजूला कलत होते. तिला दिसलं, की वावर गोल झालंय आणि मधे ती उभी आहे. इंद्रजित गणवेशात एका पाकळीत उभा होता, टाचा जुळवून, रेघेला बूट लागू नये अशा बेताने. या की आत, असं तिला म्हणायचं होतं, पण तोंडातून आवाजच निघेना. जागी झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या.

इंद्रजित आला. गावाने गळ्यात हार घालून, डॉल्बी लावून मिरवणूक काढली. मग हार सुकले आणि घरात एक पाहुणा उरला. तो पहाटे उठून अंथरुणाची कडक घडी घाली, अंगणात हात मागे बांधून उभा राही आणि विचारी, "पानी कुठनं घिऊ?" कोणती खुर्ची आपली, हे त्याला कळत नसे. ओसरीवर बसला की कोणी आलं तर उठायच्या तयारीत बसे.

सासूबाई शालूबाईंचं मात्र ठरलं होतं.

"आता तुजी शाळा बास, पूजा. माजं पोरगं घरी आलंय. पुस्तक घिऊन कुठं हिंडतीस?"

"व्हय, आत्याबाई," पूजा म्हणाली. ती दोनदा वर्गाला गेली नाही. त्यातच फिरदोसचा फोन आला. परीक्षा जवळ आली, आता रोज तासभर लवकर यायचं. ती वेळ नेमकी धारेची. लाडी म्हैस पूजाच्याच हाताला लागलेली होती. सासूबाईंना उकिडवं बसवत नव्हतं. म्हणजे तोही रस्ता बंद. पूजाला रडू येत होतं आणि रडायचं कारण सांगायची लाज वाटत होती. नवरा सुखरूप घरी आलाय, आणि ही बाई एका इयत्तेसाठी डोळे पुसतेय!

त्या दुपारी ती माजघरात तो गोल रंगवत बसली. इंद्रजित दारात थांबला. स्वतःच्या घरातही तो दारात थांबे.

"हे काय हाय?"

तिने सांगितलं. तो शेजारी येऊन बसला.

"ह्यात मी कुठं हाय?"

तिने बोट ठेवलं. त्याने 'हे' वाचलं, गालात हसला, मग हसू मावळलं.

"एवढाच?"

"एवढंच यायचा तुमी."

त्याने पाकळीच्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या.

"आन् आता?"

"आता तुमी बारा महिनं," पूजा म्हणाली, आणि मग तिला थांबता आलं नाही. "आवं, मला लय बरं वाटतंय तुमी आलाय ते. देवाशप्पत. पर भ्या बी वाटतंय. तुमास्नी जागा करायची म्हंजी कायतरी पुसाय पायजे. आन् मला ह्यातलं ह्येच पुसू वाटंना. त्यात वर्गाची येळ आन् धारेची येळ बी आता एकच झालीया." तिचं बोट अभ्यासाच्या नव्वद अंशांवर होतं.

इंद्रजित म्हणाला, "तिकडं रातच्या ड्युटीला उभा राहिलो की मी हेच घर बघायचो. कंची वस्तू कुठं हाय, समदं पाठ हुतं. आता आलोय तर हात कुठं लावावा, कळंना झालंय." आणि उठून गेला.

संध्याकाळी गोठ्याकडून खणखणाट ऐकू आला. पूजा धावली. बादली आडवी पडली होती आणि इंद्रजित पोटरी चोळत उभा होता. लाडी डोळे वटारून दोर ताणत होती.

"आरं, पुरुषमाणसाला जवळ करायची न्हाई ती," शालूबाई ओसरीवरून ओरडल्या. "तिला बाईमाणसाची सवय. सोड ते, पूजा काढंल."

"तुमी व्हा बाजूला," पूजाने बादली उचलायला हात पुढे केला.

इंद्रजितने बादली दिली नाही. तो लंगडत घरात गेला. बाहेर आला, तेव्हा त्याच्या खांद्यावर पूजाचं धारेच्या वेळचं जुनं हिरवं पातळ होतं. उघड्या अंगणात त्याने ते शांतपणे अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला. शालूबाईंनी कपाळावर हात मारला. "आरं, लोक काय म्हणत्याल! हवालदार तू!" पण त्यांचा आवाज मधेच हसण्यात फुटला आणि त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

तो लाडीपाशी उकिडवा बसला. लाडीने पदर हुंगला, पुन्हा हुंगला. दोराचा ताण सैल झाला. जरा वेळाने बादलीत पहिली धार वाजली, मग दुसरी.

पूजा एक पाऊल पुढे गेली.

"आवं..."

"हाक मारू नगंस," तो पदराआडून कुजबुजला. "तिला वाटतंय, मी तूच हाय. जा तू वर्गाला. उशीर हुईल."

पूजाने चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता अंगण ओलांडलं. रस्त्याला लागल्यावर तिने त्या घातल्या.