शिट्टीवाल्याचा उलगडा

“पाय हलवू नका हो,” प्लास्टरबाई म्हणाली, “आणि काका, तुम्ही जरा गप्प बसा. तुमचं ऐकलं की माझा हात जड पडतो.”

टेबलावर शिडीवरून घसरलेला एक रंगारी आडवा झाला होता. शेजारच्या खोलीतले फोटोवाले काका दाराला टेकून उभे होते. ते हाडांचे एक्स-रे काढायचे, म्हणून अख्ख्या इस्पितळात त्यांना हेच नाव पडले होते. तिलाही प्लास्टरबाई म्हणूनच सगळे ओळखत.

“मी काय केलं? मी फक्त कालचा भाग सांगतोय,” काका म्हणाले. “काल तो दुकानदार आला, ज्याच्याकडून शिट्टी घेतली तो. पुढच्या गुरुवारी बहुतेक शिट्टीत खुळखुळणाऱ्या वाटाण्याचं बालपण ऐकवतील.”

“थांबा, थांबा!” रंगारी कोपरावर उठू लागला. “शिट्टीवाल्याचं सांगताय ना? मी अजून ऐकलं नाही. बाई, त्यांना थांबवा.”

“आडवे व्हा आधी. आणि ऐकूही नका. पाय मोडलाय तेवढा पुरे आहे.”

तिने पट्टी कोमट पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबल्यावर हलकेच पिळली आणि कापसाच्या थरावरून घोट्यापासून वर गुंडाळत नेली. एरवी या कामात ती गुणगुणायची. आज ओठ मिटलेले होते.

रेडिओवर ‘नदीकाठची वस्ती’ ही मालिका वर्षानुवर्षे दर गुरुवारी लागत आली होती. त्यात एक शिट्टीवाला होता. तो कधी बोलला नाही, वस्तीत आला नाही. भागाच्या शेवटी नदीपलीकडून शिट्टी ऐकू यायची, लांबलेली, शेवटाला विरत जाणारी. बोलणारी माणसे एकदम गप्प व्हायची, कुणीतरी खिडकी लावून घ्यायचे आणि भाग संपायचा. तो कोण, त्याला काय हवे, हे कुणी सांगितले नाही. त्यामुळे ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे आपापला शिट्टीवाला होता आणि त्याच्यासाठी भांडायची सगळ्यांची तयारी होती.

या वर्षी मात्र लेखकाने सगळे उलगडून सांगायचा चंग बांधला. शिट्टीवाला म्हणजे जंगलखात्याचा एक रखवालदार निघाला. तो शिट्टी वाजवायचा ती हरवलेल्या कुत्र्यासाठी. मग कुत्रा का हरवला, ते सांगून झाले. शिट्टी पितळेची, तेही झाले. आणि एवढ्यावर भागले नाही म्हणून रखवालदाराला न्यूमोनिया होऊन तो मेला. डॉक्टरने येऊन औषधांची नावेसुद्धा सांगितली. तो मेल्यावरही थांबले नाही, काल शिट्टी विकणारा दुकानदार येऊन गेला.

“आमच्याकडे डॉक्टर पेशंटला एवढं सांगत नाहीत,” काका म्हणाले.

रंगाऱ्याने दोन्ही कानांत बोटे घातली होती. प्लास्टरबाईला हसू आले, पण ते टिकले नाही. तिच्या मनात नणंद होती.

दर गुरुवारी मालिका संपली रे संपली की नणंदेचा फोन यायचा. एरवी त्या दोघींचे बोलणे म्हणजे बरी आहेस ना, बरी आहे, एवढेच. पण शिट्टीवाला मध्ये आला की तासभर तोंडाला तोंड.

“चोर आहे तो, वन्सं,” ही म्हणायची. “टेहळणी करतोय.”

“चोर शिट्टी वाजवून येतो होय गं? तुझी अक्कल! अगं, त्याला यायचंय. पाय उचलत नाही त्याचा, इतकंच.”

“एवढी वर्षं?”

“लागतात एखाद्याला.”

नणंदेचा नवरा फार वर्षांपूर्वी एका सकाळी केस कापून येतो म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. तेव्हापासून तिने कुणाकडे जाणे सोडले. भावाच्या घरीही पाऊल टाकले नाही. घरीच बसून कारखान्याच्या शर्टांची काज-बटणे करायची. शिट्टीवाल्याच्या बाबतीत ती इतकी इरेला का पेटते, हे तिच्या वहिनीला, म्हणजे प्लास्टरबाईला, ठाऊक होते. म्हणूनच ती दर गुरुवारी तितक्याच नेटाने चोराची बाजू घ्यायची. भांडण चालू राहिले पाहिजे, एवढे तिला कळत होते.

रखवालदार मेला त्या गुरुवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. हिने केला तर, “कामात आहे गं,” आणि खट्.

रविवारी ती बस पकडून नणंदेकडे गेली.

दार उघडेच होते. नणंद शिवणयंत्रावर वाकून काज करत होती. एका बाजूला बिनबटणांच्या शर्टांचा ढीग, दुसऱ्या बाजूला झालेल्यांची चळत. रेडिओ कपाटावर गेला होता, त्यावर कापड टाकले होते.

“बस,” नणंद म्हणाली. “चहा टाकते.”

चहा झाला. भावाची चौकशी झाली. मग नणंद परत यंत्रावर बसली.

“वाईट केलं हो लेखकानं,” वहिनी म्हणाली.

“त्याची मालिका. त्याला वाटेल ते करील.”

“पण असं सगळं सांगून टाकायचं?”

नणंदेने यंत्र थांबवले. दोरा दाताने तोडला. “मला सवय आहे गं. हे गेले तेव्हाही सगळे येऊन मला समजावूनच गेले. कुणी म्हणालं डोकं फिरलं, कुणी म्हणालं दुसरी बाई असेल. शेजारची तर रोज नवीन कारण घेऊन यायची. मी कुणाला विचारलं होतं का?” तिने पुढचा शर्ट ओढून यंत्र सुरू केले. “एक ती शिट्टी तेवढी होती. तिचं कुणी काही सांगत नव्हतं.”

इस्पितळात माणसे रडली, ओरडली, तरी वहिनीचा हात कधी थांबत नसे. इथे मात्र विसळायला घेतलेला कप तिने तसाच खाली ठेवला. सांत्वनाचे जे जे शब्द तोंडाशी येत, ते सगळे त्या शेजारणीचे वाटत. शेवटी ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणाली,

“एक मात्र आहे, वन्सं. रखवालदार म्हणजे पटण्यासारखं आहे हं.”

यंत्र थांबले.

“काय म्हणालीस?”

“पटतं, म्हटलं. कुत्र्याला शिट्टी मारतातच की. पितळेची असणार. आवाज तसाच होता.”

“पितळेची?” नणंद उठून उभी राहिली. मांडीवरची बटणे भुईवर सांडली. “इतकी वर्षं ऐकलंस आणि कान कुठे होते तुझे? शेवटी दम संपतो त्या शिट्टीचा! ओठांची शिट्टी आहे ती, थरथरते! पितळ थरथरतं होय?”

“फुंकणारा थरथरत असेल. न्यूमोनिया झाला होता ना.”

“न्यूमोनिया आत्ता झाला त्याला! शिट्टी पहिल्या भागापासून तश्शीच आहे. आणि कुत्र्याला बोलवायचं तर माणूस रानाकडे तोंड करील की वस्तीकडे?”

“मला बस आहे, वन्सं.”

“असू दे. मला उत्तर दे आधी.”

वहिनी चालू लागली. नणंदेने दार ओढून घेतले आणि तिच्या मागे निघाली. गल्लीच्या तोंडाशी दोघी उभ्या राहून बोलल्या, किराणा दुकानापाशी पुन्हा उभ्या राहिल्या. दुकानदार तराजू धरून बघतच राहिला. नणंदेने इतका चढा आवाज लावलेला त्याने कधी ऐकला नव्हता.

“आणि वस्तीतली माणसं घाबरून खिडकी लावतात म्हणतेस ना?” नणंद म्हणत होती. “घाबरून नाही. ओळखतात म्हणून लावतात. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून!”

हे वहिनीने कधी ऐकले नव्हते. पण ती खमकी होती. “काहीतरीच तुमचं,” ती म्हणाली. “चोराला बघून कुणीही खिडकी लावील.”

“मघाशी रखवालदार होता, आता परत चोर?”

“रखवालदार चोरी करत नाहीत वाटतं?”

बस आली. वहिनी चढली, आणि वाक्य अर्धे राहिले म्हणून नणंदही चढली. घरातल्या सपाता पायात, गळ्यात मोजायची टेप, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. दोघी एका बाकावर बसल्या. बस हलली तरी नणंदेचे बोलणे थांबेना. चेहरा दिसू नये म्हणून वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. अधूनमधून “छे” म्हणायचे तेवढे तिने चुकवले नाही.

कंडक्टर येऊन उभा राहिला. “कुठे जायचं?”

वहिनीने आपल्या थांब्याचे नाव सांगितले. कंडक्टरने नणंदेकडे पाहिले. “आणि तुम्ही?”

“हिच्याबरोबर,” नणंद म्हणाली, आणि वहिनीकडे वळून, “तर मी काय म्हणत होते, तो नदी ओलांडत का नाही, ते आधी बघ.”