ढग तीनशे फुटांवर

सकाळी कामावर आले तेव्हा सूचना येऊन पडली होती. सूर्यावर मोठा उद्रेक झाला आहे, दुपारपासून उपग्रह आणि लांब पल्ल्याचा रेडिओ यांच्या भरवशावर राहू नका. मी ती छापून भिंतीला चिकटवली. अशा सूचना अधूनमधून येतात. शिवाय मे महिना, आमच्याकडे आकाश धड काळोखतच नाही, त्यामुळे वर ध्रुवीय प्रकाश नाचला तरी तो कुणाला दिसणारही नव्हता.

हडसन उपसागराच्या काठावरच्या आमच्या गावाला रस्ता नाही. माणसं येतात-जातात विमानानं, आणि फोन, इंटरनेट सगळं उपग्रहावरून. धावपट्टीलगतच्या खोलीत बसून वैमानिकांना हवामान सांगायचं, ही माझी नोकरी.

अकराच्या सुमारास माझी धाकटी बहीण मायना हिला दवाखान्यात नेलं. आठवा महिना, आणि रक्त जायला लागलेलं. नर्स डोरीननं दक्षिणेतल्या डॉक्टरला फोन लावून विमान मागवलं. विमान सुटल्याचा निरोप मला मिळाला. त्यानंतर दहा मिनिटांनी डॉक्टरचं वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि गावातला प्रत्येक फोन मुका झाला. माझ्या लांब पल्ल्याच्या रेडिओवर नुसती खरखर. विमान येतंय की मागे फिरलंय, कळायला मार्ग नव्हता.

त्यातच समुद्रावरून धुकं आलं. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा माथा, धावपट्टीपासून तीनशे फुटांवरचा, दिसेनासा झाला.

दीडच्या सुमारास जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर आवाज आला. मार्सेल होता, बारा वर्षं आमच्याकडे येणारा वैमानिक.

"ऊलूसी, आहेस का? माझं जीपीएस वेड्यासारखं करतंय. कधी मी जमिनीवर आहे म्हणतं, कधी समुद्रात. तुमचा धावपट्टीवरचा जुना रेडिओ-दिशादर्शक चालू आहे का?"

"तो गेल्या वर्षीच काढून नेला."

"बरं. ढग किती उंचीवर? हजार फुटांवर असतील तर डोळ्यांनी बघून उतरतो. त्याच्या खाली असतील तर नाही. वीस मिनिटं घिरट्या घालू शकतो, मग परतायला हवं."

मी बाहेर जाऊन मोजून आले, तोच मागोमाग आई आत आली. पार्का कोट उघडा, हातमोजे नाहीत.

"डोरीन म्हणते, फार रक्त गेलंय. तो काय म्हणतो?"

मी सांगितलं. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"मग हजार सांग."

"आई, तीनशे आहेत."

"त्याला कुठे दिसतंय? तो चांगला वैमानिक आहे. जवळ आला की उतरेल. तू नुसता आकडा सांग."

"आणि नाही उतरला तर? विमानात तिघं आहेत."

"इकडे दोघं आहेत," आई म्हणाली. "आपले."

मी बटण दाबलं, सोडलं. खिडकीतून दिसणाऱ्या टाकीच्या खालच्या पायऱ्याही आता पुसट होत होत्या. हजार म्हणायला किती वेळ लागतो? पेशंट माझी बहीण आहे, हे मी मार्सेलला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं प्रयत्न केला असता, हे मला ठाऊक होतं.

"मार्सेल, तीनशे. आणि खाली येतायत."

मी आकडा नोंदवहीत लिहिला.

"समजलं. मागे फिरतोय. पेशंट कोण आहे?"

"नंतर सांगते."

इंजिनाची घरघर गावावरून गेली आणि दक्षिणेकडे विरली. आई दवाखान्याकडे निघाली. मला जाता येत नव्हतं. रेडिओ सोडायचा नाही, हा नियम.

पुढचे चार तास मी कसे काढले, नीटसं आठवत नाही. चहा ओतला आणि तसाच ठेवला. दर पंधरा मिनिटांनी बाहेर जाऊन टाकी पाहिली. तीनच्या पुढे मायनाचा नवरा दारात येऊन सांगून गेला: मुलगी झाली, लहानशी आहे, रडली. मायनाचं रक्त मात्र थांबत नाहीये. डोरीननं विचारायला डॉक्टर नसताना स्वतःच्या जबाबदारीवर इंजेक्शन दिलं होतं आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं होतं.

सहाला वारा फिरला. टाकी आधी अर्धी, मग पूर्ण दिसली. मी रेडिओवर हाका मारत राहिले, ऐकायला कुणी नाही हे माहीत असूनही. आणि पावणेसातला उत्तर आलं.

"मीच आहे," मार्सेल म्हणाला. "कुणी निरोप दिला नाही, देणार कसे? तेल भरलं आणि किनारा धरून आलो. आता किती?"

"दोन हजार. खरंच दोन हजार."

"तुझ्यावर विश्वास आहे, ऊलूसी."

स्ट्रेचर विमानात चढवताना मायनाचा चेहरा मेणासारखा पिवळा होता. तिनं माझं बोट धरलं. दाबून दाबून डोरीनची मनगटं सुजली होती. फोन तिसऱ्या दिवशी सुरू झाले तेव्हा कळलं की मायना आणि तिची मुलगी, दोघी जगल्या.

आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी कॅरिबू हरणाच्या रश्श्याचं भांडं घेऊन आली आणि टेबलाशी बसली.

"मी तुला खोटं बोलायला सांगितलं," ती म्हणाली. "परत तशी वेळ आली तर परत सांगेन."

"माहीत आहे."

"तू ऐकू नकोस."

मी दोन वाडगे काढले.