आणखी थोडं उजळ

राजरत्नने माऊस उजवीकडे सरकवला, तशी रिबकाबाईंची आई आणखी एक पायरी गोरी झाली.

"बस एवढं?"

"अजून थोडं."

नायगावच्या त्या इवल्याशा स्टुडिओत पासपोर्टचे फोटो निघत आणि गेलेल्या माणसांचे मोठे होत. गेलेल्या बाईला उजळ करून मागणारं गिऱ्हाईक राजरत्नला पहिलंच.

रिबकाबाईंची लेक लेया बारा वर्षांपूर्वी इस्राएलला गेली. आता तिच्या मुलाचं लग्न जुळत आलं होतं. पण मुलीच्या आजीने लेयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, तुम्ही नक्की आमच्यातल्याच, ज्यूच? कागद होते, शिक्के होते. म्हातारीला मात्र चेहरे बघायचे होते. ज्यूंमध्ये वंश आईकडून धरतात, तेव्हा मुलाच्या आईच्या आईची आई दाखवा म्हणाली. लेयाचा फोन आला, "आई, आजीचा फोटो जरा साफ करून पाठव. उजळ कर गं थोडा. नाहीतर मोडेल सगळं."

"आजी, तुमचे लोक मूळचे दिसायचे कसे?" राजरत्नने विचारलं. "मी व्हिडिओ बघतो ना. एक बोलतो काळे होते, दुसरा बोलतो गोरे. खाली कमेंटमध्ये नुसती मारामारी."

"मला काय ठाऊक? नवगावच्या किनाऱ्याला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, एवढं आमच्याकडे सांगतात. वाचलेल्यांनी आधी सुकं कापड मागितलं असेल रे. आरसा कोण मागतोय?"

तो हसला. "आम्हालापण विचारतात, मूळचे कुठले. फोटो तेवढा मागत नाहीत. आडनावात भागतं त्यांचं."

त्याने माऊस साडीवर नेला.

"नऊवारीचं काय करू? ड्रेस घालता येतो यात."

"राहू दे. नेसायला तिला अर्धा तास लागायचा."

पडद्यावरची आई आता कुणाचीही आई दिसत होती. डोळे तेवढे तिचे होते. त्यांना माऊस लागला नव्हता. रिबकाबाईंचा हात काउंटरवर, पडद्याच्या उजेडात पडला होता. त्यांनी तो पदराखाली घेतला.

"आता माझा काढ," त्या म्हणाल्या. "आणि हिच्याइतकाच कर. नाहीतर हिची मुलगी कोण म्हणेल मला?"

राजरत्नने स्टूल पुढे ओढलं, दिवा लावला. मग थांबला.

"पण आजी, लग्नाला जाल तेव्हा बघतीलच ना ते."

रिबकाबाईंनी खांद्यावरची पिन काढून पुन्हा लावली.

"लेया म्हणते, एवढा प्रवास तुला झेपायचा नाही."

काळाचौकीहून इथवर एकट्या चालत आलेल्या रिबकाबाई स्टुलावर ताठ बसल्या. राजरत्न कॅमेऱ्यामागे गेला, आणि लेन्स पुन्हा पुन्हा फिरवत राहिला.

"हनुवटी वर घेऊ का?" शेवटी त्यांनीच विचारलं.