बिननावाची चिठ्ठी

हे लिहायचं जवळजवळ टाळलंच होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. 'मी' म्हणून लिहायला बसलो की बोटं अडतात. म्हणून सरळ लंबूची गोष्ट सांगतो.

लंबू म्हणजे वर्गातला सगळ्यांत उंच पोरगा, त्यामुळे कायम शेवटचा बाक. शेजारी पहिलीपासून डावऱ्या. डावऱ्या डाव्या हातानं लिहायचा. कोपरं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तो डाव्या टोकाला बसणार, हे पहिलीतच ठरलेलं.

हायस्कूलचा पहिला दिवस, पहिला तास इंग्रजीचा. इमारत नवी, बाक नवे, फळा नवा. पोरं मात्र तीच, आठ वर्षं एकाच वर्गात शिकून वर आलेली बेचाळीस डोकी. खरं नवीन माणूस एकच, इंग्रजीच्या मॅडम.

मॅडमनी टेबलावर बुटांचा रिकामा खोका ठेवला.

"आज धडा नाही," त्या म्हणाल्या. "वर्षभर या खोलीत तुम्ही इंग्रजीत मोठ्यानं वाचणार, आणि चुकणार. एकमेकांसमोर चुकायला भीत बसलात तर इंग्रजी येणार नाही. म्हणून आधी भीती बाहेर काढू. कुठल्याही भाषेत दोन ओळी लिहा, तुम्हाला सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटते ते. नाव टाकायचं नाही. मग एकेकानं खोक्यातली एक चिठ्ठी उचलून वाचायची. कुणाची कुठली, ते कुणालाच कळणार नाही."

आठवीच्या परीक्षेपासून लंबू एक गोष्ट लपवून होता. इतिहासाच्या पेपरला त्यानं बारीक अक्षरातली झेरॉक्स नेली होती. सुपरवायझर या बाजूला वळले तेव्हा घाबरून त्यानं ती पायानं सरकवली. ती गेली डावऱ्याच्या बुटाखाली. पकडला गेला डावऱ्या. पेपर रद्द, पुन्हा परीक्षा, ऑफिसात वडिलांना बोलावणं. आजूबाजूच्या पाच-सहा जणांपैकी कुणी ती कागदपट्टी तिथं टाकली हे डावऱ्याला आजवर कळलं नव्हतं. लंबू तेव्हा खाली मान घालून पेपर लिहीत बसला होता.

नाव टाकायचं नाही म्हटल्यावर त्याचा हात आपोआप चालला. 'कॉपी माझी होती. मी ती डावऱ्याकडे सरकवली. त्याला कळेल याची भीती वाटते.' चार घड्या घालून त्यानं चिठ्ठी खोक्यात टाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

ते मोकळं वाटणं दोन मिनिटंसुद्धा टिकलं नाही.

पहिल्या बाकावरून भोंगा उठला. नावाप्रमाणेच आवाज. चिठ्ठी उघडून त्यानं वाचलं, "मला फळ्यासमोर उभं राहायची भीती वाटते." आणि पुन्हा कागदाकडे बघून ओरडला, "अरे, हे तर कोंबडीचं अक्षर! हे पाय बघा, हे पाय!"

वर्गात हशा फुटला. ज्या मुलीला सगळे कोंबडी म्हणायचे ती कानापर्यंत लाल झाली.

मॅडमना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ही पोरं आठ वर्षं एकमेकांच्या वह्या उतरवून पुढं सरकलेली. कुणाचा 'र' वाकडा आणि कोण शिरोरेषा खातो, हे झोपेत सांगतील. लंबूची वही तर दर सोमवारी डावऱ्याच्या घरी असायची.

लंबूनं खोक्याकडे पाहिलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "चूक माझी. मला हे सुचायला हवं होतं. ज्याला आपली चिठ्ठी परत हवी असेल त्यानं येऊन घेऊन जावी."

कुणी हललं नाही. उठायचं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं, की माझ्या चिठ्ठीत काहीतरी आहे. लंबूनं बाकाची कड धरली. उठावं का? एवढ्यात डावऱ्या त्याच्या कानाशी कुजबुजला, "कोण उठतंय बघू. जो उठेल त्याचं काहीतरी भयंकर असणार, पैज लाव."

लंबू बसला तो बसलाच.

"बंद करू का हे?" मॅडमनी कोंबडीलाच विचारलं.

"नको," कोंबडी म्हणाली. "माझं तर चव्हाट्यावर आलंच. आता बाकीच्यांचं पण येऊ दे."

पोरं हसली, पण या वेळी तिच्या बाजूनं. मॅडमनी नियम केला, की अक्षर ओळखलं तरी तोंड बंद. वाचलेली चिठ्ठी मॅडमच्या हातात द्यायची.

चिठ्ठ्या सुरू झाल्या. कुणाला अंधाराची भीती, कुणाला मोठ्या भावाची. कुणीतरी लिहिलं होतं, घरात सगळे माझ्याशी ओरडूनच बोलतात. हळूहळू हसणं थांबलं. भोंगासुद्धा कान देऊन ऐकू लागला. मॅडमना हवं होतं तसं काहीतरी त्या खोलीत होत होतं, पण लंबूला त्याचं सुख कुठलं? तो प्रत्येक चिठ्ठीला श्वास धरायचा आणि ती आपली नाही कळल्यावर सोडायचा. तीस झाल्या. पस्तीस. चाळीस.

शेवटचा बाक उरला. खोक्यात दोन चिठ्ठ्या, आणि त्यातली एक त्याची.

आधी लंबू गेला. दोन्ही सारख्याच, दोन्हींना चार घड्या. त्याचा हात एकीवर गेला, मागं आला, दुसरीवर गेला.

"अरे, बाँब नाहीये तो," भोंगा म्हणाला.

लंबूनं उचलली. उघडली. अक्षर परकं होतं.

"मला... पोहायची भीती वाटते," त्यानं वाचलं. आवाज इतका कापत होता की सगळ्यांना वाटलं, ही याचीच.

परत येताना त्याला समोरून येणारा डावऱ्या दिसला, खिशात हात घालून, शीळ घालत. लंबू बाकावर टेकला.

डावऱ्यानं चिठ्ठी उघडली. शीळ थांबली. त्यानं एकदा वाचलं. मग पुन्हा, ओळीवर डाव्या हाताचा अंगठा ठेवून.

"वाच ना," कुणीतरी म्हणालं.

"मला पालीची भीती वाटते," डावऱ्या म्हणाला.

वर्ग हसला. मॅडमनी चिठ्ठीसाठी हात पुढं केला.

"ही मी ठेवू का?" डावऱ्यानं विचारलं.

मॅडमनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागं घेतला. "ठेव."

तो बाकावर आला आणि पार टोकाला सरकून बसला. लंबूनं दोनदा त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

घंटा झाल्यावर लंबूनं त्याला पाण्याच्या नळाशी गाठलं.

"मारायचं तर मार."

"मारून काय होणार?" डावऱ्या नळाकडेच बघत बोलला. "सगळी सुट्टी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर ताटावर बसलेला असतो आणि ते आईला सांगतात, त्याला म्हणावं भात घे. त्यांच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकू देत नाहीत. म्हणे, खोटं करणाऱ्याच्या हातात करवत नको. आणि तू रोज यायचास! 'लंबूकडे बघून शीक जरा,' म्हणायचे. तुझ्यासमोर! तू बिस्किटं खात होतास, लंब्या."

लंबूनं वाहता नळ बंद केला.

"मग वाचलं का नाहीस?"

"त्या चाळीस जणांना कळून माझ्या घरात काय बदलणार? आणि तुला वाचवलंय असं समजू नकोस."

"मॅडमना सांगू का आधी? तुझ्या बाबांकडे जायला त्या येतील बरोबर."

"कॉपी सरकवताना मॅडम होत्या बरोबर?"

लंबूला डावऱ्याचे बाबा दिसले. जाड मनगटं, भुवयांवर भुसा, आणि ते गप्प राहणं. सुपरवायझर परवडले. त्यानं नळाचा कट्टा धरला.

"आज शाळा सुटली की सरळ वर्कशॉपवर," तो म्हणाला. "तू बाहेर थांब. मी एकटा आत जातो आणि माझ्या तोंडानं सांगतो. पुढं ते काय करतील ते करू देत. आणि मी वाटेत कुठं सटकलो, तर उद्या पहिल्या तासाला उभा राहा आणि ती चिठ्ठी मोठ्यानं वाच. माझ्या नावासकट. मी बाकावरून हलणार नाही. शब्द देतो."